ऋणनिर्देशात तुमचं नाव नव्हतं, ताई

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

बीएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अहवाल बाइंडिंगला टाकला, तेव्हा ऋणनिर्देशाचं पान ठरलेल्या नमुन्यात भरायचं होतं. प्राचार्य, मार्गदर्शक, ग्रंथपाल, आईवडील आणि शेवटी टायपिंग करून देणारा दादा. क्षेत्रकार्यात ज्या अंगणवाडी सेविकेजवळ बसून काम शिकले तिच्यासाठी ओळच नव्हती. विचारलं, तर "तेवढंच ठेव, फॉरमॅट बिघडतो," असं उत्तर मिळालं. म्हणून हे आभार इथे, सगळ्यांसमोर. तुमच्यापर्यंत कधी पोहोचतील देव जाणे. तुमचा फोन तर दिवसभर पोषण ट्रॅकरमध्येच, अंगणवाडीच्या नोंदींच्या त्या सरकारी ॲपमध्येच, अडकलेला असतो.

२०२३ चा ऑगस्ट आठवतो. मी दुसऱ्या वर्षाला होते आणि नागपुरातल्या नाग नदीच्या काठच्या तुमच्या वस्तीत गुरुवार-शुक्रवार असं माझं क्षेत्रकार्य लागलं होतं. पहिल्याच दिवशी ओळखपत्र गळ्यात, सर्व्हेचे पन्नास फॉर्म बॅगेत. तुम्ही खिचडीच्या डब्याचं झाकण लावत म्हणालात, "दरवर्षी तुमच्या कॉलेजचे पोट्टे येतात, सर्व्हे करतात, अन् मार्चमधी गायब होतात. तू कवा जाशील?" मला राग आला होता. खरं सांगायचं तर पुढचे दोन आठवडे मी तुमच्याशी कामापुरतंच बोलत होते. तुम्हीही मला नावाने हाक मारायचा नाहीत. "ए कॉलेजवाली, काटा धर."

काटा धरता धरता शिकले. बाळ रडायला लागायच्या आत वजन कसं वाचायचं, दंडघेराची पट्टी डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर कशी लावायची, घट्ट न ओढता. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. साडेबारापर्यंत पिवळा. आमच्या पुस्तकात हे आकडे तक्त्यात होते. तुमच्याकडे त्या तक्त्यातल्या प्रत्येक लाल रंगाला एक घर आणि एक आई होती.

त्यातलंच ते दीड वर्षाचं पोरगं. पट्टी ११.२ वर थांबली. पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस भरती करा म्हटलं, तर त्याच्या आईने सरळ नकार दिला. मी तिच्या दारात बसून अर्धा तास नाचणी, अंडी, शेंगदाणे, हात धुणे यांवर बोलले. तिने मान डोलवली आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर निघून गेली. मग मी अहवाल लिहिला. "समस्येची कारणे" या रकान्यात पहिलंच कारण होतं: आईचे अज्ञान.

तुम्ही तो अहवाल मागून घेऊन वाचलात. वाचायला तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुमची सही फक्त हजेरीच्या कागदावर लागायची.

"हे काय लिहून रायली तू? अज्ञान कोनाचं? तिची रोजी किती हाय, तुले मालूम हाय का?"

मला माहीत नव्हतं. ती ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, उभी राहून बांधकामाच्या सेंट्रिंगच्या कामावर जाते, चौदा दिवस गेली नाही तर ठेकेदार दुसरी बाई धरतो, भरतीच्या दिवसांची बुडीत मजुरी मिळते पण हातात लगेच पडत नाही, आणि मोठी सात वर्षांची मुलगी रात्री कोणाकडे झोपणार, हे काहीच मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. परीक्षेसाठी मात्र व्यक्ती सहयोग कार्याची (केसवर्कची) सातही तत्त्वं माझी तोंडपाठ होती, आणि त्यातलं एक होतं दोषारोप न करणे. तुम्ही माझ्याच पेनाने त्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारलीत.

पुढचं काम अहवालात फार लहान दिसतं. तुम्ही मुलीच्या मावशीशी बोललात. ठेकेदाराला मी फोन केला, तो तुमच्यासमोर, कारण एकटीने माझी हिंमत नव्हती. मुलीला शाळेतून मावशीकडे सोडायचं काम चौदा दिवस माझ्याकडे आलं, म्हणजे गुरुवार-शुक्रवार नाही, रोज. चौदा दिवस केंद्रात राहून पोरगा परत आला तेव्हा पट्टी पिवळ्यावर होती. गोष्ट काही तिथे संपली नाही, थंडीत तो पुन्हा आजारी पडला. पण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मग ४ डिसेंबरला तुम्हा अंगणवाडीच्या बायांचा संप सुरू झाला. अंगणवाडीला कुलूप. आम्हाला दुसरी संस्था शोधायला सांगण्यात आलं. तेव्हा सेविकेचं मानधन दहा हजार आणि मदतनीस ताईंचं साडेपाच हजार होतं. पगार नाही, मानधन. सकाळी बालवाडी, दुपारी गृहभेटी, मध्ये रजिस्टर, लसीकरण, वरून निवडणुकीची कामं, आणि त्याला मानधन म्हणायचं! ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला होता, तरी ती मागायला रस्त्यावर यावं लागत होतं. ७ डिसेंबरपासून नागपुरात हिवाळी अधिवेशन होतं. यशवंत स्टेडियमच्या बाजूला मोर्च्याच्या गर्दीत तुम्ही दिसलात, डोक्याला पदर, पायात त्याच निळ्या चपला. "सामाजिक कृती" ही आमच्याकडे पाच गुणांची टीप असते. ती मी तुमच्या शेजारी फूटपाथवर बसून, तुमच्या डब्यातली तिळाची चटणी खात समजून घेतली.

एक गोष्ट आजवर कोणाला सांगितली नाही, आज सांगते, रागावू नका. संपाच्या त्या पन्नासहून जास्त दिवसांत तुमच्या पर्समध्ये दंडघेराची पट्टी होती. संध्याकाळी तुम्ही त्या पोराच्या घरी जायचात. रजिस्टर नाही, फोटो नाही. "संप सरकारशी हाय," एवढंच म्हणालात.

माझ्या वर्गातल्या कितीतरी जणी सांगतात की क्षेत्रकार्याने त्यांना वस्ती दाखवली. मला तुम्ही माझं लिहिणं दाखवलंत. आता कुठलाही अहवाल लिहिताना कारणांच्या रकान्याशी हात थांबतो आणि मी आधी रोजी विचारते. त्याबद्दल आभार. चटणीबद्दलही.

मार्च कधीच उलटला आहे. एमएसडब्ल्यूला प्रवेश इथेच, नागपुरातच घेतला. पुढच्या आठवड्यात वजनाच्या दिवशी येते. काटा मी धरेन.

तुमची,
कॉलेजवाली