पानाखालचा केस

प्रिय बाळ्या,

स.न.वि.वि. वगैरे आलं असं समज. आठ महिने झाले ना? मला वाटत होतं सहाच झाले असतील, मग फोनमध्ये तुझा शेवटचा मेसेज काढून बघितला तर त्यात नुसतं "बघ मग" एवढंच, अन् त्याखाली माझं काहीच नाही. म्हणजे बोलायची पाळी माझी होती आणि मी इकडे फुगून बसलो होतो की तू का बोलत नाहीस. असो.

तब्येत ठीक. शुगर गोळीच्या धाकात आहे, पाठ अधूनमधून, उजवा हात जरा. हिची तब्येत माझ्यापेक्षा बरी.

आधी म्हातारीच्या, म्हणजे जुन्या गाडीच्या, बॉनेटचं कबूल करून टाकतो म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल. तू म्हणाला होतास गंज-रंग काढायला सपाट पत्र्यावर वाळू मारून घेऊ नको. मी ऐकलं नाही, कारण मारणारा म्हणाला पत्रा गरम होऊ देत नाही, अन् मला वाटलं गरम नाही झाला तर वाकणार कशाला. तर बाबा, गरम झालाच नाही, पण तो प्रश्नच नव्हता. वाळूचा एकेक कण म्हणजे एकेक बारकी हातोडी, वरची कातडी ठोकून ठोकून ताणली जाते, खालची आहे तिथेच राहते, मग पत्र्याने करायचं काय, तो फुगतो. आता बॉनेटवर मधोमध अंगठा दाबला की टक् करून आत, सोडला की टक् करून वर. शेजारचं पोरगं रोज येऊन तेवढंच वाजवून जातं. चाकाला, सस्पेन्शनच्या जाड तुकड्यांना वाळू चालते, बॉनेट-छत-दाराच्या कातडीला नाही, हे तू सांगितलं होतंस आणि ते बरोबर होतं. पण चार माणसांसमोर "मी सांगितलं होतं" हे तीनदा म्हणायची गरज नव्हती. एकदा पुरलं असतं.

बरं, म्हातारी कुठवर आली ते सांगतो. गंज संपला (असं आपण म्हणायचं). दोन्ही फुटबोर्ड नवीन लावले, कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून टाकले होते, नाहीतर खालचा आधार काढल्यावर सांगाडा मधेच बसतो आणि मग दार कधीच नीट लागत नाही. तरी डाव्या दाराची फट वर चार मिलिमीटर आणि खाली सात आली. बिजागरीखाली पातळ पट्टी घालघालून तीन दिवसांनी सारखी केली, तीही दाराचं रबर बसवून, कारण रबराशिवाय जुळवलेली फट म्हणजे फसवणूक, रबर बसलं की दार पुन्हा बाहेर येतं. हे तुझंच वाक्य आहे, चोरलंय.

उजव्या बाजूचा जुना रंग रिमूव्हर लावून काढला. डाव्या बाजूला कंटाळा आला म्हणून मशीनला ८० चा पॉलिश पेपर लावून सगळा उतरवला, सलग नऊ-दहा रविवार, कधी कधी संध्याकाळीसुद्धा. कडेला पेपर तिरका लागला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. वर तो पांढरा, मग निळा, मग तू निवडलेला चॉकलेटी (आजही माफ केलेलं नाही), मग हिरवा, आणि सगळ्यात खाली तिचा मूळचा. इतक्या जुन्या रंगात शिसं असतं म्हणून मास्क होता, हो, घातला होता, ओरडू नको.

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले, त्यावर लांबी (खड्डे भरायची पुट्टी). तीन मिलिमीटरच्या वर कुठेही नाही, आधी हातोडी आणि डॉलीने (मागून धरायचा लोखंडी ठोकळा) पोचे जमतील तेवढे काढूनच घेतले. पूर्वीच्या माणसाने डाव्या मागच्या मडगार्डवर जी लांबी थापली होती ती छिन्नीने काढली तर बोटभर जाडीचा तुकडा हातात आला. लांबीची एवढी लांबी मी जन्मात पाहिली नव्हती. आत पोचा जसाच्या तसा बसलेला, लोहचुंबक कसं चिकटणार त्याला!

लांबीत हार्डनर तू अजून नजरेनेच टाकतोस का? मी वजन करून टाकतो, दोन टक्के. जास्त पडला तर पुढे रंगातून डाग बनून वर येतो. आणि पाण्याने घासत नाही. उस्ताद घासायचे हे माहितेय मला, पण त्यांची लांबी वेगळ्या जातीची होती, ही पाणी पिते आणि खाली पत्र्याला पाजते. यावर आपलं एकदा भांडण होऊन गेलंय, परत काढू नको.

आता मूळ गोष्ट. डावं दार.

लांबी ८० ने लांब फळीवर घासली, तिरक्या फुल्या मारत, मग १८०. नंतर टू-के, म्हणजे हार्डनर घालायच्या, प्रायमरचे तीन जाड हात. (हवेच्या नळीचा मास्क घेतला एकदाचा. तू म्हणायचास की साध्या कोळशाच्या मास्कवर भरवसा नको, हार्डनरमधलं ते आयसोसायनेट छातीत जाईपर्यंत वाससुद्धा येत नाही. उस्तादांचं शेवटी शेवटी काय झालं ते आपण दोघांनी पाहिलंय, त्यामुळे यात मी चिकटपणा केला नाही.) दोन दिवस वाळू दिलं. मग हात फिरवला. तुला माहितेय मी कसा फिरवतो, पातळ सुती कापड हाताखाली, बोटं पुढे, डोळे मिटून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, थांबायचं नाही. प्रायमरला चमक नसते, डोळ्याला लाट दिसतच नाही, म्हणून बोटं. बोटांनी सांगितलं, झालं. एकदम सरळ. काचेसारखं. मी हिला बोलावून दाखवलंसुद्धा, हा बघ हात असाच्या असा निघून जातो.

मग नियमाप्रमाणे काळ्या पावडरचा गाइड कोट लावला (घासल्यावर खोलगट जागीच काळं राहतं) आणि ३२० ने घासायला घेतलं. दहा-बारा हात मारले असतील, हँडलच्या मागे एक काळा डाग जाईना. पुन्हा मारले. डाग तसाच, अन् आजूबाजूचं मात्र उडत चाललं. अजून मारले तर शेजारच्या उंचवट्यावर खालचा इपॉक्सी दिसायला लागला म्हणून थांबलो. बाळ्या, तो खड्डा माझ्या पंजाएवढा होता. पंजाएवढा! आणि मी त्यावरून वीस वेळा हात फिरवून "काच" म्हणालो होतो.

आधी फळीवर राग काढला. म्हणलं फळीच वाकडी असणार, ती काचेवर ठेवून बघितली, सरळ. मग पेपर, मग थंडी, मग म्हणलं प्रायमर आत बसला असेल, बसतोच थोडा वाळल्यावर, पण पंजाएवढा बसत नाही. मग दारावर डीग्रीझर ओतून ओलं केलं, ओलं असेपर्यंत तेवढी चमक येते ना, आणि ट्यूबलाइट तिरकी बघितली. ती दारावर येईपर्यंत सरळ, हँडलपाशी पोटात कळ आल्यासारखी वाकलेली. मग मी पोरीला बोलावलं. तिला काही सांगितलं नाही, म्हणलं डोळे मिट आणि हात फिरव. तिने आयुष्यात पत्र्याला हात लावलेला नाही. तीन सेकंदांत म्हणाली, "बाबा, इथे खाली जातंय."

मी "हं" म्हणालो आणि आत जाऊन बसलो.

त्या रात्री सगळे झोपल्यावर एक केस तोडला (राहिलेत अजून, हसू नको), टेबलावर ठेवला आणि त्यावर वहीचं एक पान. उस्तादांची परीक्षा. तू चार पानांखालचा सांगायचास, मी तीन. चौथ्याला तू डोळे किलकिले करून बघायचास हे माझं आजही मत आहे, पण ते जाऊ दे. बाळ्या, मला एका पानाखालचा केस लागला नाही. पान सरकवलं, केस कुठाय ते डोळ्यांनी बघून परत त्यावरच बोट फिरवलं, तरी नाही. डाव्या हाताने दोन पानांपर्यंत आला. उजव्याच्या करंगळीनेही एका पानाखाली आला. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, ठार.

रात्री मुंग्या येतात हे खरं, चार-पाच महिने येतायत, हात झटकला की जातात म्हणून कुणाला बोललो नव्हतो. डॉक्टर म्हणाले मनगटातली नस दाबली गेलीय, करंगळी शाबूत आहे ती त्यामुळेच, तिची नस वेगळी असते. मशीनची थरथर आणि फळी घट्ट धरून तासन् तास घासणं, दोन्ही बंद करा म्हणाले, झोपताना पट्टा लावा, नसेची तपासणी करू, गरज पडली तर छोटंसं ऑपरेशन, बऱ्याच जणांना फरक पडतो. मी विचारलं बोटं पहिल्यासारखी होतील का. म्हणाले शर्टाची बटणं लावायला काही अडचण येणार नाही. आता यांना काय सांगायचं? बटणाचं काय घेऊन बसलात!

हिला सांगितलं तर ती म्हणाली मग दुसऱ्या कुणाकडून रंगवून घ्या ना. चूक नाही तिची. पोरगी म्हणते गाइड कोट आहेच की, तोच सांगतो सगळं. तेही बरोबर आहे, आंधळ्याने काठीने चालावं तसं करता येईल, पावडर लाव, घास, पावडर लाव, घास. पण गाइड कोट चूक झाल्यावर सांगतो. आणि दर वेळी घासलं की प्रायमर जातो, पुन्हा मारा, पुन्हा वाळवा. बोटं आधी सांगायची, हातोडी मारायच्या आधी. मला सारखं हे वाटतंय की डाव्या दारावर पकडलो गेलो, ते ठीक, पण उजवी बाजू, छत, डिकी मी याच चार-पाच महिन्यांत "झालं" म्हणून बाजूला ठेवलीयत. त्यांच्यावर ३२० फिरवलाय, पण गाइड कोट लावला नव्हता. कशाला लावू, बोटं होती ना. आता गॅरेजमध्ये गेलो की ती उजवी बाजू माझ्याकडे बघत असते. पावडरचा डबा हातात घेतो आणि परत ठेवतो. तीन आठवडे हेच चाललंय. हे मी कुणाला सांगू, तूच सांग. लोक म्हणतील गाडीच आहे.

त्यात रंग मी गडद निळा ठरवलाय. तू क्रीम म्हणत होतास, "क्रीममध्ये चार पापं खपतात, गडद रंगात पोटातलं दिसतं." तेव्हा मी म्हणलं होतं माझ्या पोटात काही नाही.

तुझं सगळं कळलं. निवृत्ती झाली म्हणे, आणि भाषणात रडलास म्हणे, खरं का? वहिनींचा गुडघा आता कसा आहे, जिने बंद असं ऐकलं. धाकट्याला नोकरी लागली त्याचं अभिनंदन, त्याला सांग काकांनी पेढे मागितलेत, नाही, नको, शुगर. घर बदललंत त्याचा पत्ता ताईकडून घेतला, तूच दिला असतास तर बरं झालं असतं, पण मी विचारलाही नव्हता.

तर काम असं आहे. डावं दार मी तसंच ठेवलंय, काळा डाग, उघडा पडलेला इपॉक्सी, सगळं, बाहेरून चादर टाकलीय. उजव्या बाजूला हात लावलेला नाही. तू ये. दोन दिवस पुरतील. हातमोजे आणू नको, हाताला क्रीम लावून येऊ नको. डोळे मीट आणि उजव्या बाजूवर पुढच्या मडगार्डपासून मागच्या दिव्यापर्यंत हात फिरव, जिथे खाली जाईल तिथे पेन्सिलने गोल कर, मी मधे बोलणार नाही. गोल कितीही निघाले तरी चालतील. मग मी पावडर लावेन आणि तुझे गोल आणि काळे डाग जुळतात का ते बघू. जुळले नाहीत तर तू पण म्हातारा झालास, मग दोघं मिळून पोरीला शिकवू.

बॉनेटवर उष्णता देऊन पत्रा आवळता येईल असं मला वाटतंय, एका जागी लाल करायचा, ठोकायचा, ओल्या फडक्याने थंड करायचा. पण मी अजून सुरू केलेलं नाही, कारण त्यावर तुझं काहीतरी मत असणार. असलं तर एकदाच सांग.

येण्याआधी कळव. नाही कळवलंस तरी ये.

तुझा,
घाश्या

ता.क. टायर पॉलिशचा डबा घेऊन आलास तर तो फाटकाबाहेर राहील. त्या टँकच्या रंगात माशाचे डोळे (बारीक गोल खड्डे) कशाने आले हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे. पॉलिशमधलं सिलिकॉन कुणी उडवलं होतं ते तू अजून कबूल केलेलं नाहीस. मी बॉनेटचं केलं.