छोटीला थांबवू नका, फॉरेस्टहिलला जा

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर काही धड बोलणंच होत नाही, आई तू दोन वाक्यांत रडायला लागतेस, बाबा फोन ओढून घेऊन "तू मोठा आहेस, तूच समजाव तिला" म्हणतात, आणि छोटी तिकडे मागे किचनमध्ये उभी राहून सगळं ऐकत असते. म्हणून टाइप करून पाठवतोय. जावईबापूंना मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगा आणि दोघांनी एकत्र बसून वाचा, एकट्याने वाचून दुसऱ्याला आपल्या सोयीचं तेवढंच सांगू नका (बाबा, हे तुमच्यासाठी).

तर मी छोटीला धावू नको असं सांगणार नाहीये. ती ऐकणार नाही हा भाग सोडा, पण वेस्टर्न स्टेट्समध्ये, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या डोंगरांतल्या त्या शंभर मैलांच्या (१६१ किमी) धावण्याच्या शर्यतीत, नंबर लागणं म्हणजे काय हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलंच दिसत नाही. आधी दुसरी कुठलीतरी मोठी रेस ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची, मग लॉटरीत नाव टाकायचं, हजारो लोकं टाकतात आणि जागा ३६९, कारण सुरुवातीचा रस्ता संरक्षित रानातून जातो आणि तिथे जास्त माणसं सोडायची परवानगीच नाही. नाव निघालं नाही तर पुढच्या वर्षी परत क्वालिफाय करायचं, तेव्हा तुमच्या चिठ्ठ्या दुप्पट होतात, आणि परत वाट बघायची. तिचं नाव निघालंय. आता मी तिला काय सांगू, की आईला झोप लागत नाही म्हणून सोडून दे?

बाबा म्हणाले माणूस १६१ किमी धावूच शकत नाही, घोडा धावेल फार तर. गंमत म्हणजे ही शर्यत मुळात घोड्यांचीच आहे. १९५५ पासून याच डोंगरांतून घोड्यांची शंभर मैलांची शर्यत होते, टेव्हिस कप म्हणतात, एका दिवसात शंभर मैल. १९७४ साली गॉर्डी एन्सली नावाचा माणूस, आदल्या वर्षी त्याचा घोडा वाटेत लंगडला होता, तो घोड्याशिवायच उभा राहिला आणि घोड्यांबरोबर पळत २३ तास ४२ मिनिटांत पोचला. तिथून हे सगळं सुरू झालं. आणि आई, "बायकांचं काम नाही हे" असं तू म्हणालीस ना, अ‍ॅन ट्रेसन नावाच्या बाईने बायकांची रेस चौदा वेळा जिंकली आहे, आणि १९९४ आणि ९५ ला तर बाई-पुरुष सगळे मिळून ती दुसरी आली होती. छोटीला काही जिंकायचं नाहीये. तिला तीस तासांच्या आत पोचायचंय, कारण तीस तासांनी दार बंद.

अंतर डोक्यात बसत नसेल तर आपल्या इंदूरच्या घरून ओंकारेश्वरला जाऊन परत यायचं, साधारण तेवढं. पण सपाट नाही. बाबा, तुमच्यासाठी छोटीकडून नकाशा आणि उंचीचा आलेख मागवून घेतलाय, जन्मभर इरिगेशनमध्ये कंटूर वाचलेल्या माणसाला "खूप डोंगर आहेत" एवढ्यावर समाधान होणार नाही हे मला माहितीये. नकाशा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाचायचा. ऑलिम्पिक व्हॅली, लेक टाहोजवळ, उंची ६,२०० फूट. शनिवारी पहाटे पाचला बंदूक वाजते आणि पहिल्याच सात किलोमीटरमध्ये ८,७५० फुटांवर चढायचं, जूनअखेर असली तरी काही वर्षी तिथे बर्फ असतो. मग उंचावरच्या धारेवरून कधी रानात कधी उघड्यावर करत रॉबिन्सन फ्लॅट, ४८ किमी. सगळी मिळून चढाई १८,००० फूट आणि उतार २३,००० फूट.

आई लगेच म्हणशील, अगं बाई मग उतारच जास्त, सोपं आहे. नाही. चढताना दम लागतो पण उतरताना मांड्या तुटतात, प्रत्येक पावलाला अख्ख्या अंगाचं वजन मांडीचा स्नायू ताणला जात असताना झेलतो, आतून फाटत जातो, आणि हे काही तास केल्यावर माणूस जिना उतरायलाही कठडा धरतो. पाताळपाणीहून खाली कालाकुंडकडे मी फक्त एक सकाळ उतरलो होतो तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुर्चीत बसताना टेबल धरावं लागलं होतं.

खरी परीक्षा रॉबिन्सन फ्लॅटच्या पुढे, अमेरिकन नदीच्या घळींमध्ये. ही नदी तीन फाट्यांची आहे, नॉर्थ, मिडल आणि साउथ फोर्क, आणि साउथ फोर्कवर १८४८ साली सोनं सापडलं म्हणून हा सगळा मुलूख वसला. त्या खाण कामगारांच्याच जुन्या पायवाटांवरून रेस जाते. लास्ट चान्स नावाच्या जागेवरून सरळ दरीत उतरायचं, पाणी ओलांडायचं आणि समोर डेव्हिल्स थंब, छत्तीस वळणांचा चढ. वर पोचलात की पुन्हा खाली एल्डोराडो क्रीक, पुन्हा वर मिशिगन ब्लफ. आणि हे सगळं भर दुपारी. वर डोंगरावर सकाळी जॅकेट लागतं आणि घळीच्या तळाशी पारा चाळिशीला जातो, वारा नाही, दगड तापलेले. त्यात २०२२ च्या मॉस्किटो फायरमध्ये तिथलं बरंच जंगल जळालं, त्यामुळे सावली होती तीही बऱ्याच ठिकाणी गेली. छोटी म्हणते इंदूरच्या मे महिन्यात सायकलवरून क्लासला जायचे त्याचा आता उपयोग होईल. मला वाटत नाही होईल, वीस वर्षं झाली तिला इथून जाऊन, पण बोलू दे.

आता घाबरायचंच असेल तर योग्य गोष्टीला घाबरा. आई तू अस्वलाला घाबरतेस. अस्वलं आहेत, खडखड्या साप पण आहेत, पण या रेसमध्ये माणसं आडवी होतात ती उन्हाने आणि मीठ-पाण्याच्या गडबडीने. कमी पाणी वाईट तसंच नुसतं साधं पाणी ढोसत राहणं पण वाईट, रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा करायला लागतो. म्हणून वाटेत मिठात बुडवलेले उकडलेले बटाटे, सूप, टरबूज, आणि गळ्यात बर्फाचा रुमाल. दुसरं म्हणजे फाटलेल्या स्नायूंचा कचरा रक्तातून किडनीवर येतो, लघवी काळपट झाली तर ते लक्षण. आणि इथेच बाबा, हात जोडून सांगतो, तुमच्या त्या प्लास्टिकच्या डब्यातली अंगदुखीची गोळी तिला द्यायची नाही. ब्रुफेनसारखी गोळी अशा वेळी किडनीला आणखी मारते. ती मागणार नाही, पण तिचे पाय बघून तुमचा हात डब्याकडे जाईल, म्हणून डबा घरीच ठेवून जा.

जागोजागी खायची-प्यायची ठाणी आहेत, आई तू बसने परिक्रमा केलीस तेव्हा नर्मदेच्या काठी सदाव्रतं पाहिलीस ना, तसंच, फरक इतकाच की इथे डॉक्टर पण बसलेले असतात आणि त्यांना वाटलं तर ते उठूच देत नाहीत.

तुम्ही कुठे जायचं ते आता. छोटीने तुम्हाला फक्त शेवटाला बोलावलंय, ऑबर्नच्या शाळेच्या मैदानावर, कारण तिला वाटतं तिची मधली अवस्था तुम्ही बघू नये. मी म्हणतो फॉरेस्टहिलला पण जा. बरोबर १०० किमीला येतं ते, रस्त्यावरचंच गाव आहे, ऑबर्नहून गाडीने अर्धा तास, तिच्या हिशोबाने ती तिथे रात्री नऊ-दहाच्या सुमारास येईल, आणि जावईबापू तिथूनच तिच्याबरोबर पळायला लागणार आहेत. तिथपर्यंत एकट्याने, तिथून पुढे सोबत चालते असा नियम आहे. म्हणजे ती निघून गेल्यावर तुम्हाला परत आणायला दुसरं कुणीतरी हवं, ते त्यांच्या मित्राशी बोलून आत्ताच ठरवा, ऐन वेळी नको.

बाबा, त्या रस्त्यावर तुमच्या कामाची एक गोष्ट आहे. ऑबर्न सोडलं की गाडी एका पुलावरून जाईल, फॉरेस्टहिल ब्रिज, १९७३ चा, नदीच्या पात्रापासून सुमारे ७३० फूट उंच. खाली बघाल तर नदी इवलीशी दिसेल आणि तुम्ही नक्की विचाराल की एवढ्याशा पाण्यावर एवढा उंच पूल कोणत्या शहाण्याने बांधला. कारण तिथे पाणी भरणार होतं. ऑबर्न डॅम, ६८५ फुटी, १९६५ ला मंजुरी, पायाचं काम सुरू, आणि १९७५ मध्ये ओरोव्हिलला भूकंप झाला तेव्हा लोकांनी विचारलं की या कमानी धरणाखालची जमीन हलली तर काय. काम अडकलं ते अडकलंच, २००८ मध्ये पाण्याचे हक्क पण काढून घेतले. ते धरण झालं असतं तर नॉर्थ आणि मिडल फोर्कच्या घळी मैलोन्‌मैल बुडाल्या असत्या आणि छोटी ज्या वाटेने पहाटे पळणार तिथे बोटी फिरल्या असत्या. तुम्ही नर्मदेवरच्या धरणात बुडणारं हरसूद रिकामं होताना पाहिलंय, २००४ ला, घरी येऊन दोन दिवस धड जेवला नव्हतात, मला आठवतंय. इथे उलटं झालं, पूल बांधून तयार आणि पाणी आलंच नाही. मधोमध गाडी थांबवायला सांगू नका, थांबवता येत नाही, पण चालायला फूटपाथ आहे, दुसऱ्या दिवशी जा.

फॉरेस्टहिलनंतर पुढे तुमचं काही काम नाही, पण माहिती असू दे. अंधारात डोक्याला टॉर्च लावून नदीच्या कडेकडेने उतरत १२५ किमीला रकी चकी, तिथे मिडल फोर्क ओलांडायची. आडवा दोर बांधलेला असतो, पाण्यात स्वयंसेवक उभे असतात, दोर धरून कमरेएवढ्या गार पाण्यातून पलीकडे जायचं, आणि पाणी जास्त असेल त्या वर्षी राफ्टमधून नेतात. वरच्या अंगाला फ्रेंच मेडोज आणि हेल होल अशी धरणं आहेत, तिथून किती सोडलं त्यावर सगळं. मग पहाट, आणि अगदी शेवटी नो हँड्स ब्रिज, १९१२ चा जुना रेल्वेचा काँक्रीटचा कमानी पूल. १९६४ मध्ये हेल होल बांधताना फुटलं आणि खालचे पूल वाहून गेले, हा राहिला. मग एक चढ आणि ऑबर्न.

एवढं करून मिळतं काय, तर पट्ट्याचं बक्कल. २४ तासांच्या आत आलात तर चांदीचं, तीसच्या आत ब्राँझचं. आई, हसू नकोस.

आता मला खरं जे सांगायचंय ते. फॉरेस्टहिलला ती येईल तेव्हा ती तुमची छोटी दिसणार नाही. तोंडावर धूळ आणि मीठ, पायांना फोड, डोळे खोल, कदाचित नुकतीच उलटी केलेली असेल, बोलताना वाक्य अर्धंच सोडेल. आणि ती रडेल पण, तुम्हाला बघून तर नक्कीच. त्या वेळी "बास झालं बाळा, चल घरी" हे एवढं एक वाक्य म्हणायचं नाही. तिथे गाडी उभी असते, खुर्ची असते, आईची मांडी असते आणि पुढे काळोख असतो, त्या क्षणी आईने चल म्हटलं तर कुणीही चलच म्हणेल, आणि मग सोमवारपासून ती स्वतःशी काय बोलेल ते तुम्हाला आयुष्यभर ऐकावं लागेल. थांबवायचं काम डॉक्टरांचं, त्यांना त्याचा अनुभव आहे, आणि ते थांबवतील तेव्हा तुम्ही पण मधे पडायचं नाही, दोन्ही बाजूंनी. तिने स्वतः थांबते म्हटलं तर थांबू दे. पण पहिल्यांदा म्हणेल तेव्हा नाही, आधी काहीतरी खायला घालायचं, मोजे बदलायचे, दहा मिनिटं जाऊ द्यायची आणि मग विचारायचं. भुकेला माणूस वेगळं बोलतो, हे तूच मला सांगतेस ना.

आई, मऊ मीठ-भात आणि थोडं लिंबाचं लोणचं, डब्यात, चमच्यासकट. साबुदाणा नको, कोरडा लागेल. बाबांनी फक्त मोजे आणि टॉर्चचे सेल सांभाळायचे, आणि घड्याळ दाखवायचं नाही, जावईबापू बघतील वेळेचं.

तुमचे शनिवारचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथे रविवारचे सकाळचे दहा. त्या वेळी मी घरीच असेन, पोहे-जिलेबी आणायला जाणार नाही. ती निघून गेल्यावर फोन करा, ती समोर असताना नको. इकडे सगळं ठीक, पहिला पाऊस झाला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग टिकलंय, घरपट्टी भरली, बाजूच्या काकू सानंदच्या नाटकाचा तुमचा पास वापरून आल्या आणि नाटक बंडल होतं म्हणाल्या.

तुमचा,
मोठा

ता. क. जावईबापूंना सांगा, तुमच्या दोघांसाठी फोल्डिंग खुर्च्या न्या. बाबा "मी उभा राहीन" म्हणतील, ऐकू नका.