हप्ता कमी केला की घराची किंमत सावरते का?

ती. बाबा आणि ती. आईस सा. नमस्कार.

सरकारने गृहकर्जदारांना सवलत दिली की घरांच्या पडत्या किमती थांबतात का, हा बाबांचा प्रश्न. आणि नियमाने हप्ते भरणाऱ्याने काय पाप केलं, हा आईचा. फोनवर दोन्हींची उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून सविस्तर लिहिते. उदाहरण अमेरिकेचं घेते. २००९ नंतर तिथे हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला आणि त्याचा बराचसा हिशेब उपलब्ध आहे.

घसरण स्वतःलाच कशी ढकलते, ते आधी सांगते. तिथल्या किमती २००६ मध्ये शिखरावर होत्या, २०१२ च्या सुरुवातीला तळाला गेल्या. देशाची सरासरी पाव हिश्श्याहून थोडी जास्त उतरली, लास व्हेगासमध्ये साठ टक्क्यांहून जास्त. बाबा, वस्तीतल्या शंभर घरांची किंमत ठरवतात ती त्या वर्षी विकली गेलेली चार-पाच घरं. त्यांतली दोन बँकेने जप्त करून विकलेली असली, तर मूल्यांकन करणारा त्यांचाही भाव धरतो. बँकेला घाई असते, कारण रिकाम्या घराचा कर, विमा आणि राखण चालूच असते. तिने पाडलेल्या भावामुळे शेजारच्या घराची किंमत त्याच्या कर्जाखाली जाते. शेजाऱ्याची नोकरी गेली, तर घर विकूनही कर्ज फिटत नाही आणि तोही जप्तीच्या रांगेत येतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. घराची किंमत कर्जाखाली गेली म्हणून बहुतेक लोक हप्ते थांबवत नाहीत. नोकरी जाते, आजारपण येतं किंवा घटस्फोट होतो, आणि त्याच वेळी घर विकून सुटण्याची वाटही बंद असते, तेव्हा कर्ज बुडतं. दोन्ही एकत्र यावं लागतं. म्हणून सवलतीचं खरं काम नवे ग्राहक आणणं नाही, नाइलाजाने विकली जाणारी घरं कमी करणं आहे.

फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामा सरकारने जाहीर केलेली मुख्य योजना म्हणजे हॅम्प. राहत्या घराचा हप्ता, मालमत्ता कर आणि विमा मिळून कुटुंबाच्या कर कापण्याआधीच्या मासिक उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणायचा, हे तिचं सूत्र. पायऱ्यांचा क्रम ठरलेला होता: थकबाकी मुद्दलात मिळवायची, मग व्याज एक अष्टमांश टक्क्याच्या टप्प्यांनी उतरवत २ टक्क्यांपर्यंत न्यायचं, त्याखाली नाही, तरी भागलं नाही तर मुदत ४० वर्षांपर्यंत वाढवायची, तेवढ्यानेही जमलं नाही तर मुद्दलाचा काही भाग बिनव्याजी बाजूला ठेवायचा.

आकडे घालून बघू. उत्पन्न महिना ४,५०० डॉलर, थकबाकीसह मुद्दल २,४०,०००, व्याज ६.५ टक्के, उरलेली मुदत २७ वर्षं. हप्ता साधारण १,५७३. कर आणि विमा ३०० धरला तर १,८७३, म्हणजे उत्पन्नाचे ४१.६ टक्के. व्याज ३.१२५ टक्क्यांवर आणलं की हप्ता १,०९८ होतो आणि एकूण भार ३१ टक्क्यांवर येतो. महिन्याला ४७५ डॉलर वाचले. मुदतीला हातच लावावा लागला नाही. उत्पन्न ३,८०० असतं तर मात्र २ टक्के व्याजानेही भागलं नसतं, मुदत तीस वर्षांच्या थोडी पुढे न्यावी लागली असती. भार उत्पन्नाच्या ३८ टक्क्यांवर येईपर्यंतची कपात बँकेने सोसायची, तिथून ३१ पर्यंतच्या कपातीचा निम्मा भार सरकारने उचलायचा, अशी वाटणी होती. कमी केलेलं व्याज पाच वर्षांपुरतं. पुढे दरवर्षी जास्तीत जास्त एक टक्का वाढत ते करार झाला तेव्हाच्या बाजारदरापर्यंत जायचं. ही शेवटची अट फार थोड्यांनी नीट वाचली असेल.

या सगळ्यात घराची किंमत कुठेच आली नाही. घर १,८०,००० चं झालं असलं तरी कर्ज २,४०,००० चंच राहिलं. तरी कुटुंब टिकतं, कारण महिन्याचं गणित जुळतं. आई, सरकार सरळ मुद्दलच का कमी करत नाही, असंही तू विचारलं होतंस. पुढच्या अभ्यासांत हेच दिसलं की हप्ता तेवढाच ठेवून नुसतं मुद्दल कमी केलं, तर कर्ज बुडण्यात फारसा फरक पडत नाही; हप्ता कमी केला की पडतो. शिवाय मुद्दल सोडणं सगळ्यात महाग आणि बँकांना सगळ्यात नकोसं. २००८ च्या ‘होप फॉर होमओनर्स’ योजनेत बँकेने कर्ज घराच्या चालू किमतीच्या ९० टक्क्यांवर आणावं, अशी अट होती. चार लाख कुटुंबांचा अंदाज होता, प्रत्यक्षात लाभ झाला तो नगण्य लोकांना.

बँकेची बाजूही समजून घेतली पाहिजे. तिच्यापुढे साधी तुलना असते: सवलत देऊन किती हाती येईल आणि जप्त करून विकलं तर किती. यात दोन खाचा आहेत. काही कर्जदार सवलतीशिवायही सावरतात. त्यांना दिलेली कपात बँकेच्या दृष्टीने वाया. आणि काही सवलत घेऊनही पुन्हा थकतात. किमती पडत असताना ही दुसरी चूक फार महाग पडते, कारण वर्षभराने तेच घर आणखी स्वस्तात विकावं लागतं. म्हणजे ज्या बाजाराला सवलतीची सर्वांत जास्त गरज, तिथेच बँक सर्वांत जास्त बिचकते. हे ओळखून सरकारने पुढे किमती उतरण्याची शक्यता असलेल्या भागांसाठी जादा भरपाई ठेवली. मला ती या योजनेतली सगळ्यात शहाणी तरतूद वाटते.

योजना अडखळली ती अंमलबजावणीत. हप्ते गोळा करणाऱ्या कंपन्यांकडे माणसं होती ती वसुलीची. एकेका कुटुंबाचे पगाराचे कागद तपासून नवा करार करणारी नव्हती. बरीच कर्जं एकत्र बांधून त्यांचे रोखे विकलेले असल्यामुळे कर्जाचे मालक गुंतवणूकदार, निर्णय घेणारी मात्र ही कंपनी. प्रत्येक करारामागे तिला सरकारकडून १,००० डॉलर मिळत, पण थकलेल्या कर्जावरचं शुल्कही तिलाच मिळे. सुरुवातीला उत्पन्न तोंडी सांगितलेलं चाले. कमी केलेला हप्ता भरून दाखवायचा तीन महिन्यांचा चाचणी काळ सुरू होई, कागद गहाळ होत, तीनाचे आठ-दहा महिने होत आणि शेवटी नकार आला की कमी भरलेल्या हप्त्यांचा फरक थकबाकी म्हणून अंगावर येई. जून २०१० पासून कागद आधी तपासायचा नियम आला. तीस-चाळीस लाख कुटुंबांचं उद्दिष्ट होतं. योजना २०१६ अखेर बंद झाली, तोवर कायमचे करार सोळा-सतरा लाखांच्या घरात पोहोचले होते.

शिवाय उत्पन्नच नसेल तर ३१ टक्के कशाचे काढणार? ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी १० टक्क्यांवर होती. नोकरी गेलेल्यांसाठी काही महिने हप्त्यांना स्थगिती आणि जास्त फटका बसलेल्या राज्यांसाठी वेगळा निधी आला, पण तो २०१० मध्ये. भाड्याने दिलेली घरं तर २०१२ पर्यंत हॅम्पमध्ये बसतच नव्हती.

१९३३ मध्ये सरकारने वेगळा मार्ग घेतला होता. होल्क नावाचं महामंडळ काढून सुमारे दहा लाख कर्जं त्याने बँकांकडून रोख्यांच्या बदल्यात घेतली आणि कर्जदारांना पंधरा वर्षांच्या मुदतीने नवी करून दिली. कर्जाचा मालक स्वतःच असल्यामुळे कुणाची मनधरणी करायची नव्हती. तरीही त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याची घरं शेवटी महामंडळालाच ताब्यात घ्यावी लागली.

आई, आता तुझा मुद्दा. नियमाने भरणाऱ्यांसाठी हार्प नावाची वेगळी योजना होती. घराची किंमत घसरल्यामुळे ज्यांना कमी व्याजाचं नवं कर्ज कुणी देईना, पण ज्यांचं कर्ज फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांकडे होतं, त्यांना बदलून मिळे. कर्ज घराच्या किमतीच्या १०५ टक्क्यांपर्यंत असावं, ही मर्यादा लवकरच १२५ झाली आणि २०११ च्या अखेरीस उठवण्याचं ठरलं. त्यानंतर अर्ज एकदम वाढले. एकूण तीस लाखांहून जास्त कर्जं अशी बदलली गेली. चोख कर्जदाराला लाभ देणारी आणि कागदपत्रं कमी लागणारी ही योजना आधीच सैल करायला हवी होती, असं माझं मत.

दोन उपाय मात्र सवलतीसारखे दिसून बाजाराला फसवतात. एक, नव्या ग्राहकांना करसवलत. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ८,००० डॉलरपर्यंत मिळत, करार ३० एप्रिल २०१० पर्यंत व्हायला हवा होता. मुदत संपली आणि जुलैत जुन्या घरांची विक्री एका महिन्यात सुमारे २७ टक्क्यांनी कोसळली. पुढचे ग्राहक आधी ओढून घेतले होते, इतकंच. दुसरा, नुसती जप्ती लांबवणं. फ्लोरिडा, न्यू जर्सी, न्यूयॉर्कमध्ये जप्ती कोर्टातून होते, म्हणून प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळली. हप्ता कमी झाला नसेल तर कुटुंब शेवटी जातंच, आणि दरम्यान घराची देखभाल कुणीच करत नाही.

तर बाबा, हप्ता खरोखर परवडेल इतका आणि वेळेत कमी झाला, तर पडझडीचा वेग कमी होतो आणि किमती वाजवीपेक्षा खाली जाण्याचं टळतं. पण जिथे किमती लोकांच्या उत्पन्नाच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या, तिथे त्या खाली येणारच. सवलतीने त्या वरच अडकवून ठेवता येत नाहीत.

अशी योजना पुन्हा कुठे जाहीर झाली, तर किती अर्ज आले याची जाहिरात सोडून द्या. चाचणीतून कायम झालेले करार किती, सरासरी हप्ता किती टक्क्यांनी उतरला, वर्षभरात पुन्हा थकलेले किती आणि एकूण विक्रीत जप्तीच्या घरांचा वाटा किती, एवढे चार आकडे काढा. हप्ता दहा टक्क्यांहून कमी उतरला असेल तर बाकीचे तीन बघायची फारशी गरज नाही. अडलं तर आकडे पाठवा, आपण रविवारी फोनवर बसून बघू.

तुमची
लेक