‘लवकरच येत आहे’ ही ओळ जपून वापरावी

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका क्रॉसओव्हर संकल्पना-मोटारीचे, म्हणजे केवळ प्रदर्शनात मांडायला घडवलेल्या नमुन्याचे, मोठे छायाचित्र ‘लवकरच येत आहे’ या ओळीसह छापून आले होते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत प्रेसच्या डाय, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारे साचे, बनवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे माझी नजर आधी गेली ती तिच्या दारांवरच्या धारदार घडीवर. प्रदर्शनासाठी एकच गाडी हाताने घडवायची असते, तेव्हा अशी घडी हवी तितकी खोल घेता येते. परंतु तोच पत्रा दिवसभर प्रेसखाली जाऊ लागला की कोपऱ्यात फाटतो किंवा त्याला सुरकुत्या पडतात, आणि अखेर घडी बोथट करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्याखेरीज अपघात-चाचण्या आणि खर्चाचा हिशेब असतोच. मोठी चाके आणि पातळ टायर बहुधा याच टप्प्यावर गळतात. आमच्याकडे त्याचे दुःख कोणाला होणार नाही, कारण पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीतून गाडी काढणारा माणूस शोरूममध्येही आधी वाकून गाडीच्या पोटाखाली पाहतो.

याचे उदाहरण दूर शोधायला नको. मार्च २०१६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात स्कोडाने ‘व्हिजन एस’ ही संकल्पना-मोटार मांडली. तीन रांगांत सहा आसने, पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेच्या मोटारी, एकत्रित शक्ती २२५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती) आणि लांबी ४.७० मीटर, असा तिचा थाट होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्लिनला तिचे उत्पादनरूप ‘कोडियाक’ या नावाने सादर झाले, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात जी गाडी विक्रीला आली ती सात आसनांची, दोन लिटर डिझेल इंजिनाची, १५० पीएस शक्तीची होती. किंमत ३४.४९ लाख रुपये, आणि जुळणी आपल्याच जिल्ह्यातल्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीतली. लांबी व एकंदर ठेवण जवळपास तीच राहिली, म्हणजे आकाराचा शब्द कंपनीने पाळला, हे मान्य केलेच पाहिजे. आतली यंत्रणा मात्र निराळी निघाली.

काळाचा प्रश्न याहून अवघड आहे. मारुती सुझुकीने ‘ईव्हीएक्स’ ही विजेवरची संकल्पना-मोटार जानेवारी २०२३ मध्ये ६० किलोवॅट-तासांची बॅटरी आणि ५५० किलोमीटर पल्ला सांगून दाखवली. तिचे उत्पादनरूप ‘ई विटारा’ मिलानमध्ये प्रकट झाले ते नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि तेव्हाही ते केवळ अनावरण होते. माझ्या जालन्याच्या भाच्याने अशाच एका छायाचित्रावर विसंबून जुनी गाडी विकून टाकली आणि पुढे दोन हंगाम आडतीचा व्यवहार भाड्याच्या जीपवर निभावला. चूक त्याची होती, हे मी त्याला सांगितले आहे. पण ‘लवकरच’ हा शब्द त्याने छापील वाचला होता.

म्हणून विनंती इतकीच की, अशा छायाचित्राखाली ‘संकल्पना-मोटार’ हा शब्द ठळक असावा, उत्पादनाची तारीख कंपनीने जाहीर केली नसेल तर तसे लिहावे, आणि प्रत्यक्ष गाडी आली की जुने छायाचित्र तिच्या शेजारी पुन्हा छापावे.

आपला,
डाय बनवणारा एक निवृत्त कामगार
वाळूज, छत्रपती संभाजीनगर