जांबोटी रस्त्यावरच्या रोपवाल्या आक्कांस

आक्का, सादर नमस्कार.

तुम्ही फोनवर वाचत नाही हे ठाऊक आहे. सूनबाई वाचून दाखवतील आणि मध्येच तुम्ही "पुरे की गे, कामं पडल्यात" म्हणाल. तरी शेवटपर्यंत ऐका, कारण शेवटी पैशांचं बोलायचं आहे. पत्र चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की बेळगावहून चोर्ल्याकडे जाणाऱ्या गाड्या गोवा गाठायच्या घाईत तुमच्या दारावरून निघून जातात, आणि तुमच्या परसात काय चालतं ते त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

आमच्या माळावर आता सावली पडते. येणारेजाणारे त्याचं कौतुक मला ऐकवतात. खड्डे आम्ही काढले, पाणी घरच्यांनी घातलं, हे खरं. पण लावणं हे त्यातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. 1950 मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा आला की हातात रोप घेऊन फोटो निघतात. निघू देत. ते रोप वर्षभर कुणी सांभाळलं, तो माणूस मात्र फोटोच्या बाहेर असतो. शिवाय आपल्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात जुलै म्हणजे धो धो. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की लगेच लावा, म्हणजे आषाढातल्या झडीआधी मुळं धरतात, हे तुमचं सांगणं. सरकारी आठवड्याची वाट आम्ही कधी पाहिली नाही ती तुमच्यामुळं.

आभार मानायचे ते मुख्यतः बियांसाठी. कुठलं बी थांबत नाही आणि कुठल्याला थांबवावं लागतं, हे तुम्ही कसलीही वही न ठेवता जाणता. टिळकवाडीहून आलेलं एक गिऱ्हाईक जांभळाच्या बिया कागदावर पसरून वाळवतोय म्हणाला, तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारून घेतला होता. "वाळवालास कशाला गा? मारालास की त्याला!" जांभूळ, फणस, आंबा, भिरंड (म्हणजे कोकम) ही सगळी ओल्या बियांची झाडं. पावसाळी रानातली ही बियाणं वाळली की मरतात, डब्यात भरून पुढच्या वर्षाला ठेवता येत नाहीत. फळ खाल्लं, बी धुतलं, त्याच आठवड्यात मातीत. जांभळाच्या एकाच बीतून कधी दोन-तीन कोंब वर येतात. त्यातला जोमाचा ठेवून बाकीचे तुम्ही नखानं खुडता, आणि खुडताना तोंडानं चुकचुकताही. फणस तर तुम्ही वाफ्यात पेरतच नाही. त्याचं सोटमूळ हलवलेलं त्याला सोसत नाही, म्हणून आठळी थेट उंच पिशवीत, नाहीतर सरळ खड्ड्यातच.

आणि दुसरीकडं ती हट्टी बियाणं. सागाची फळं रात्रभर पाण्यात आणि दिवसभर उन्हात, असं आठ-पंधरा दिवस. बहाव्यावर कढत पाणी ओतायचं आणि दिवसभर तसंच ठेवायचं. हिरड्याचा गर काढून बाठे शेणकाल्यात मुरवायचे, तरी उगवायला तो सावकाशच, आणि उगवतो तोही थोडाच. करंज तेवढा गुणाचा, नुसता टोचला तरी पंधरवड्यात वर.

भिरंडीचं मात्र सविस्तर लिहिलं पाहिजे. तिच्यात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. बियांपासून वाढवली तर साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला फुलं यावी लागतात, म्हणजे सहा-सात वर्षं. तोवर माणूस पाणी घालत बसतो आणि शेवटी आमसूल विकतच आणतो. म्हणून तुम्ही भरपूर धरणाऱ्या मादी झाडाची काडी आणून रोपावर कलम बांधता. काडीसुद्धा कुठली, तर उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची. आडव्या फांदीची काडी बांधली की कलम जन्मभर आडवंच पसरतं, वर चढतच नाही. तुमची कलमं आमच्याकडं सरळ वाढली आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण अमृता' ही भिरंडीची जात काढली आहे; तिचं नाव काढलं तर तुम्ही म्हणालात, "चांगली असंल की, पण आपल्या रानातली झाडं बी बघा आधी." मला हे पटतं. इथला पाऊस आणि इथला वारा सोसून टिकलेलं झाड आपल्या बांधावर उभं असताना लांबून काडी कशाला आणायची? एखादा नरही ठेवा म्हणालात, तोही ठेवलाय.

वड आणि उंबराला तर तुम्ही बीसुद्धा शोधत नाही. पाखरांच्या विष्ठेतून जुन्या भिंतींवर उगवलेली रोपं पावसात अलगद सोडवून आणता, भिंतवाल्याचा दुवा मिळतो तो वेगळाच. पांगाऱ्याचा तर मनगटाएवढा दांडका रोवला की काम झालं.

खानापूरची लाल माती कौलांना उत्तम, पण पिशवीत नुसती भरली तर तिचंही कौलच होतं. दोन घमेली माती, एक वाळू, एक चांगलं कुजलेलं शेणखत, हे माप मी तुमच्याकडूनच उचललं. पिशवीच्या तळाशी वेटोळं झालेलं मूळ कापून टाकायचं, हेही. पहिल्यांदा तुमच्या हातात कात्री पाहिली तेव्हा पोटात गोळा आला होता. तसं न कापता लावलेली झाडं पुढं चांगली वाढलेली दिसतात आणि एका वादळात उपटून पडतात, हे नंतर इतरांच्या बांधावर बघितलं. लावायच्या आधी महिनाभर रोपं सावलीतून बाहेर काढून पाणी कमी करायची तुमची सवय गिऱ्हाइकांना आवडत नाही, कारण रोपं रापलेली दिसतात. हिरवीगार, लुसलुशीत रोपं घेऊन जाणारे फेब्रुवारीत परत येतात, दुसरी न्यायला.

उन्हाळ्यासाठी सांगितलेलंही पाळतोय. आळ्यात पालापाचोळा, भोवती बोरीच्या काट्या, आणि गवत वाळायच्या आत जाळपट्टा. वणवा आला तेव्हा तो पट्ट्यापाशी थांबला. गवे मात्र काट्यांना जुमानत नाहीत, त्यावर तुमच्याकडंही इलाज नाही, हसणं सोडून.

आमच्या माळाखालचा ओहोळ आता दिवाळीनंतरही काही दिवस वाहतो. झाडांमुळं की पाऊस जास्त झाल्यामुळं, ते मी सांगत नाही. तो मलप्रभेला मिळतो हे कळल्यावर तुम्ही हात जोडलेत, "म्हणजे सौंदत्तीला यल्लम्माच्या वाटेला गेलं की" म्हणून.

आता पैशांचं. तुमच्या पिशवीचा दर कित्येक वर्षं हललेला नाही. शेणखत महागलं, पिशव्या महागल्या, वाळू तर विचारायलाच नको. शहरातल्या दुकानात कुंडीतल्या शोभेच्या झाडाला लोक न कुरकुरता कितीतरी जास्त मोजतात, आणि भिरंडीच्या कलमाला तुमच्याकडं घासाघीस करतात. दर वाढवा, आक्का. कलमाचा तरी दुप्पट करा. पहिलं गिऱ्हाईक मी. मृगाआधी टेम्पो घेऊन येतो, नव्या दराचे पैसे आणि घरात साठवलेल्या रिकाम्या पिशव्या घेऊन. नको म्हणालात तर पैसे सूनबाईंकडं देईन.

तुमचा,
माळावरचा