टेकडीवरचे बारा फोटो

पुणे,
फाल्गुन, रविवार सकाळ

चि. मुग्धास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, हल्ली काही सुचतच नाही. सकाळी स्क्रीनसमोर बसते ती दुपार होते, तरी पान कोरंच." त्यावर मी "जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि फोन आईकडे दिला. रात्रभर ते मनाला लागून राहिलं. आई म्हणाली, "तुम्हाला बोलता येत नाही तर लिहा तरी." म्हणून बसलोय.

तुला मी कधी नीट सांगितलं नाही, पण ही वेळ माझ्यावर येऊन गेली आहे. १९८२ साली मी छापखान्याच्या आर्ट विभागात लागलो. तेव्हा पान हाताने जुळवायचं. मजकूर ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर, छापून यायचा. तो स्टीलची पट्टी धरून कटरने कापायचा, मागे रबर सोल्युशन लावायचं आणि आर्टबोर्डवरच्या फिकट निळ्या रेघांवर बेतून बसवायचा. ती निळी रेघ फिल्मवर उतरत नाही, म्हणून निळी. प्रूफात एखादी वेलांटी उडालेली सापडली तर दुसऱ्या ब्रोमाइडमधून तेवढीच वेलांटी कापून, चिमट्याने उचलून, अक्षराच्या डोक्यावर ठेवायची. श्वास रोखून करायचं काम होतं ते, आणि मला ते फार आवडायचं.

मग डीटीपी आलं, म्हणजे पान कॉम्प्युटरवर जुळवणं. पाचसहा वर्षांत आमची लाइट टेबलं भंगारात गेली. मी माउस शिकलो, पगारही वाढला, तुझं शिक्षण त्यावरच झालं, तेव्हा तक्रार कसली करू? पण मुग्धा, त्यानंतर पुढची कितीतरी वर्षं मला एकही मांडणी आपणहून सुचली नाही. आधीच्या कामाची नक्कल करत राहिलो. मला वाटायचं, आपल्यातलं संपलं. पूर्वी बोटं कागदाचे तुकडे सरकवत राहायची आणि त्या सरकवण्यातूनच पान सुचायचं, हे कळायला निवृत्ती उजाडावी लागली.

तेही कळलं ते साखर निघाली म्हणून. डॉक्टरांनी रोज ४५ मिनिटं चालायला सांगितलं आणि मी वेताळ टेकडीवर जायला लागलो. पहिले सहा महिने मान खाली घालून चाललो. किती पावलं झाली, साखर किती उतरली, एवढाच हिशेब. भोवती काय आहे ते दिसतच नव्हतं. एकदा बुटाची नाडी सुटली म्हणून एका झाडाला टेकून उभा राहिलो, तर हाताला कागद लागला. खरंच कागद! पातळ, पिवळसर राखी, कडेने सुटून वाऱ्यावर हलणारा. खालची साल हिरवट, मध्येच तांबूस. झाड सालईचं होतं. नखाने नुसतं स्पर्शलं तरी पापुद्रा कुरकुरला. मी नाडी न बांधताच तिथे उभा होतो.

घरी येऊन शोधलं तर काय निघावं? नेपानगरच्या कारखान्यात वर्तमानपत्राचा कागद करायला बांबूबरोबर सालईचंच लाकूड वापरायचे. उभं आयुष्य कागदात काढलं आणि ज्याचा कागद व्हायचा ते झाड साठीनंतर भेटलं. त्या दिवसापासून मी टेकडीवर साखरेसाठी जात नाही. साखर आपली आपण उतरते.

तर सांगायचं ते हे. तू रोज चालायला जा, पण कामासाठी म्हणून जाऊ नकोस. "या कॅम्पेनसाठी काहीतरी सापडेल" म्हणून बाहेर पडलीस तर डोळे तेवढंच शोधतात आणि बाकीचं सगळं गाळून टाकतात. तुझा धंदा मला थोडाफार कळतो, म्हणून सांगतो. हे वेगळं ठेव. आणि रोज एकाच जागी जा. नवीन जागी माणूस नवलाईवर खूश होतो. तीच वाट चाळीस वेळा चाललं की कालच्यात आणि आजच्यात काय बदललं ते दिसायला लागतं. माघात सालईच्या शेंड्यांना बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे आले, तेव्हा झाडावर पान नव्हतं. आता पांगारा पेटलाय. त्यावर बुलबुल, मैना, कोतवाल, खारी, सगळ्यांची झुंबड असते. उंदीरमारीचा गुलाबी बहर मात्र ओसरत आला. दिसायला तो सुंदर, पण ते झाड मध्य अमेरिकेतलं. वनखात्याने टेकड्या हिरव्या करायला लावलं आणि आता त्याच्याखाली आपलं गवतसुद्धा नीट धरत नाही. फोटो काढताना मला दर वेळी वाईट वाटतं, तरी काढतो. जे आहे ते दिसलं पाहिजे.

फोटोचं एक पथ्य मी पाळतो. एका फेरीत बारा. तेरावा नाही. आजोबांचा अग्फा क्लिक-३ तुला आठवत असेल, माळ्यावर अजून आहे. त्यात १२० चा रोल बसायचा आणि बाराच फोटो निघायचे. तुझ्या मोठ्या आत्याचा साखरपुडा आणि त्या वर्षीचा गणपती एकाच रोलवर आहेत. आजोबा बटण दाबण्याआधी एवढा वेळ घ्यायचे की आत्याचं हसू आखडून जायचं. मोबाइलमध्ये दोनशे काढता येतात, म्हणून आपण एकही बघून काढत नाही. बाराच काढायचे म्हटलं की पाय थांबतात. सूर्य वर यायच्या आत पोचायचं, कारण पहिल्या तासाभरात ऊन आडवं पडतं आणि सालीवरची प्रत्येक भेग उठून दिसते. साडेआठनंतर तीच साल सपाट होते. ऊन पाठीशी घेण्यापेक्षा कुशीला घ्यावं, हे मला कुणी शिकवलं नाही, सालईने शिकवलं.

आणि फोटो चांगला यायलाच हवा असं काही नाही. माझे बारातले नऊ साधेच असतात. पण फोटो म्हणून जो वाया गेला तो तुकडा म्हणून कामाला येतो. आता टेबलावरचं, म्हणजे फोटोंचे तुकडे चिकटवून चित्र कसं करतो ते सांगतो.

गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून मी साध्या कागदावर लेझर प्रिंट काढून आणतो. फोटोचा चकचकीत कागद खळ धरत नाही आणि इंकजेटची शाई खळीने पसरते. खळ आई करते. एक चमचा मैदा, सातआठ चमचे पाणी, गुठळी होऊ न देता मंद आचेवर शिजवायची. आमच्या बाइंडर लोकांसारखा चिमूटभर मोरचूद घातला की कसर लागत नाही. पण मोरचूद विषारी. त्याचं पातेलं वेगळं ठेवायचं आणि स्वयंपाकात कधी आणायचं नाही. पाया म्हणून शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला जाड कागद आणतो. चिंध्यांचा कागद तो, किती खळ प्यायला तरी हूं की चूं करत नाही.

आधी कापायचं नाही, फाडायचं. मी जन्मभर कटर चालवलेला माणूस, मला हे फार जड गेलं. फाडलेल्या कडेला पांढरी किनार सुटते. एका दिशेने फाडलं तर येते, उलट दिशेने फाडलं तर येत नाही. उतरणीचा फोटो त्या किनारीसकट आभाळावर ठेवला तर सकाळी टेकडीच्या कडेवर जो उजेड रेंगाळतो तसा दिसतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती किनार निघेलही, पण ती कुठे सुटणार हे आधी ठाऊक नसणं, ती मजा कुठून आणणार?

मागच्या आठवड्यातलं सांगतो. पांगाऱ्याचं चित्र करायला घेतलं होतं. फांद्या जमल्या, त्यासाठी टेकडीवरच्या खाणीच्या पाण्यातल्या सावल्यांचे फोटो वापरले. पण फुलं जमेनात. पांगाऱ्याच्याच फोटोंतून फुलं कापून लावली तर ती मेल्यासारखी दिसायला लागली. लाल होती, पण उजेड नव्हता त्यांत. दोन दिवस तो कागद तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी केर काढताना आईच्या हाताला एक प्रिंट लागली. खाणीवर मोर बघून घाईने काढलेला फोटो. मोर नव्हताच त्यात, भिंगावर माझा अंगठा आला होता आणि अर्धा फोटो त्याच्या तांबूस धुरकट रंगाने भरला होता. उन्हाची तिरीप अंगठ्यातून आरपार गेलेली. आई तो टोपलीत टाकणार, तेवढ्यात त्याची कड त्या अर्धवट चित्रावर टेकली आणि आम्ही दोघंही थांबलो. तोच रंग होता. पांगाऱ्याच्या पाकळीतून सकाळचं ऊन येतं तेव्हाचा.

मी त्या अंगठ्याच्या सतरा पाकळ्या कापल्या. ते चित्र आता दिवाणखान्यात आहे, तुझ्या दहावीच्या फोटोशेजारी.

तूच मला मागे मेरी डिलेनी नावाच्या इंग्रज बाईंची चित्रं पाठवली होतीस. तेव्हा मी "छान" एवढंच लिहिलं होतं. आता त्यांच्याबद्दल पुन्हा वाचलं. १७७२ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांना जिरेनियमच्या पाकळीच्या रंगाचाच एक कागद जवळ पडलेला दिसला. त्यांनी कात्री घेतली आणि कागदातून ते फूल कापलं. नजर अधू होईपर्यंत, पुढची दहा वर्षं, काळ्या कागदावर फुलं चिकटवत राहिल्या. काही फुलांना तर शेकडो तुकडे. अशी ९८५ चित्रं झाली, ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मला त्यात सगळ्यात काय आवडलं सांगू? त्या काही सुचायची वाट बघत नव्हत्या. फूल समोर होतं, कागद टेबलावर होता, दोन्ही एका वेळी नजरेत आले. टेबलावर कागद नसता तर?

म्हणून तुझ्या खोलीत एक टेबल, निदान टेबलाचा कोपरा, या पसाऱ्यासाठी ठेव. आवरू नकोस तो. तुझा आवरण्याचा सोस मला माहीत आहे, आईकडून आलाय.

आणि बंगळुरूला तुला काय कमी आहे? तुमच्याकडे आता रस्त्यांवर टॅबेबुयाचा गुलाबी सडा पडत असेल. तो झाडावर असताना सगळेच टिपतात. तू तो रिक्षाच्या चाकाखाली आल्यावरचा टीप. लालबागेत तर तो मोठा खडक आहे, सुमारे ३०० कोटी वर्षं जुना. आमच्या टेकडीचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा, म्हणजे तुमच्या खडकापुढे पोरच. तुमच्या दगडात पट्टे आहेत, फिकट आणि गडद, कुणी पीठ मळताना अर्धवट सोडल्यासारखे. आमच्या दगडात बारीक भोकं आहेत, लाव्हातल्या वाफेची. दोन्ही शेजारीशेजारी चिकटवून बघायची मला फार इच्छा आहे, पण माझ्याकडे एकच आहे.

पहिले काही दिवस हाताला काही लागणार नाही. बारा फोटो रटाळ येतील, कागद सुरकुतेल. खळ लावल्यावर कागद मिनिटभर तसाच ठेव, ओला होऊन ताणला जाऊ दे, मग चिकटव आणि वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर दाब, म्हणजे सुरकुत्या कमी पडतात. आणि ऑफिसात त्या दिवशी काही सुचलं की नाही याचा हिशेब ठेवू नकोस. मीही सहा महिने पावलंच मोजत होतो.

या पाकिटात हातकागदाचं एक कार्ड आहे. डावी अर्धी बाजू मी केली आहे. काळा पाषाण, त्यावर सालईचा एक पापुद्रा, खाली गळून पडलेला उचललाय, झाडावरचा सोललेला नाही. उजवी बाजू कोरी ठेवली आहे. तिथे तुझा लालबागेचा खडक फाडून लाव आणि पोस्टाने परत पाठव. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवू नकोस, मला किनार हाताला लागली पाहिजे. आईने वेगळ्या पुडीत मैदा बांधून दिला आहे, तिकडे मिळतो हे सांगूनही. मोरचूद पाठवलेला नाही.

तुझा,
बाबा