कांद्याची याचिका निकाली निघाली, त्याबद्दल

दादर, मुंबई
जून २०२४

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

कांद्याच्या निर्यातबंदीविरुद्ध तुम्ही शेतकऱ्यांनी केलेली याचिका कोर्टाने निकाली काढली हे सांगितल्यावर फोनवर तू "म्हणजे हरलो ना?" एवढंच विचारलंस आणि फोन ठेवलास, म्हणून सविस्तर लिहितोय. निर्यातबंदी बरोबर की चूक, यावर कोर्ट बोललंच नाही. मी मागच्या बाकावर बसलो होतो. सरकारी वकील म्हणाले, ४ मे रोजी बंदी उठली, आता याचिकेत काही उरलं नाही. तुमचे वकील बोलायला उठले, तोवर "याचिका निरर्थक ठरल्याने निकाली" असं सांगून झालं आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

मला हे पटलेलं नाही. बंदी आली ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन लाल कांदा बाजारात येत असताना. उन्हाळ कांदा असता तर तुम्ही कांदा साठवायच्या चाळीत भरून भाव येईपर्यंत थांबला असता. लाल आणि त्याच्यामागून येणारा रांगडा कांदा कुठे टिकतो? निघाला की ट्रॅक्टर भरून लासलगावच्या बाजार समितीत न्यायचा आणि पुकारतील त्या भावाने द्यायचा. ३१ मार्चला संपणारी बंदी आणखी लांबवली, आणि ती उठली तेव्हा तुमचा तो कांदा कधीच विकून झाला होता. बंदी गेली म्हणून तुमचा तोटा गेला का? शिवाय बंदी उठली तरी टनाला ५५० डॉलर किमान निर्यात किंमत (त्याहून स्वस्तात बाहेर पाठवता येत नाही) आणि ४० टक्के निर्यात शुल्क ४ मे २०२४ पासून लागू झालंच. १९९२ च्या परकीय व्यापार कायद्यातलं कलम ३ सुद्धा जागेवर आहे. त्याच आधारे सरकार पुन्हा कधीही बंदी घालू शकतं, आणि सुनावणी होईपर्यंत हंगाम पुन्हा निघून जाईल.

आदेशात एक ओळ मात्र कामाची आहे. कायद्याचे मुद्दे खुले ठेवलेत, म्हणजे पुढच्या वेळी हाच प्रश्न घेऊन जाता येईल. या याचिकेत मागणी एकच होती, बंदी रद्द करा. बंदी गेली तशी मागणीही गेली. वकिलांचं म्हणणं, यापुढे नुकसानभरपाईही मागायची, म्हणजे बंदी उठली तरी प्रकरण जिवंत राहील. आणि बंदीची अधिसूचना निघाल्या निघाल्या स्थगितीसाठी कोर्टात धावायचं.

त्यासाठी डिसेंबर ते मे मधल्या सगळ्यांच्या कांदाविक्रीच्या हिशोबपट्ट्या (पावत्या) गोळा कर. वजन, भाव, तारीख स्पष्ट दिसली पाहिजे. पुसट झालेल्यांचे आधी फोटो काढ. शनिवारी संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने येतोय, रविवारी सगळ्यांना बसव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास